पबमधला मुक्काम

आमच्या मराठवाड्यात हमरस्त्याने निघालं की थोड्या थोड्या अंतरावर एक पाटी दिसते, ‘परमिट रूम, बिअर बार व लॉजिंग’. ती वाचून कुणी बायकापोरांना घेऊन आत शिरत नाही. ‘परमिट’ हा शब्द १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून आलेला. त्या कायद्यानुसार पिणाऱ्याजवळ परवाना हवा, म्हणून बसून प्यायच्या जागेचं नाव परमिट रूम पडलं. परवाना किती जणांजवळ असतो ते सोडून द्या, नाव मात्र टिकलं. खाली बार आणि वर खोल्या. त्या खोल्यांविषयी गावात जे बोललं जातं ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. आपल्या राज्यात कितीतरी गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे. हिंदू असो की मुसलमान, आमच्याकडच्या बाईला दारूच्या दुकानाचा राग ग्रंथ वाचून आलेला नसतो, तो घरात भोगून आलेला असतो.

हे आधी सांगायचं कारण असं, की २०२५ च्या जुलैत मी आणि बेगम इंग्लंडमध्ये एक रात्र पबमध्ये राहिलो. परत आल्यावर ईटच्या बाजारात, मशिदीच्या पायरीवर, चहाच्या हॉटेलात मला एकच प्रश्न विचारला गेला, “गुरुजी, खरंच दारूच्या गुत्त्यात झोपलात?” कुणी हसत विचारलं, कुणी न हसता. ‘हो’ म्हटलं तर अर्धंच खरं, ‘नाही’ म्हटलं तर सरळ खोटं. म्हणून सविस्तर लिहितो.

ईट हे भूम तालुक्यातलं गाव. बालाघाटाचा माळ, खव्याच्या भट्ट्या, पलीकडे खर्डा, जिथे १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. जिल्ह्याचं नाव माझ्या डोळ्यांदेखत उस्मानाबादचं धाराशिव झालं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त आहे. लेक आणि जावई ब्रिस्टलला नोकरी करतात. त्यांनी तिकिटं काढली, आम्ही गेलो. एका शनिवारी बाथ शहर पाहायला निघालो. रोमन लोकांनी बांधलेली गरम पाण्याची कुंडं तिथे आहेत. सुटीचे दिवस, शहरातल्या हॉटेलांचे दर ऐकून मला निवृत्तिवेतनाची आठवण झाली. तेव्हा लेक म्हणाली, “अब्बा, जवळच एका खेड्यात खोल्या घेतल्यात. खाली पब आहे, वर राहायची सोय आहे. तिथे सगळे राहतात.”

बेगम गाडीतच म्हणाली, “मय नक्को आती.” आमच्या घरात दखनी बोलतात आणि दखनीतला ‘नक्को’ हा शेवटचा शब्द असतो.

तिचं म्हणणं साधं होतं. ज्या दस्तरखानावर दारू फिरते तिथे बसू नये, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. शिवाय तिच्या माहेरी एका जवळच्या माणसाला दारूने संपवलेलं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. जावयाने समजावलं की टेबल आपलं वेगळं असेल, बार वेगळ्या बाजूला आहे, आपल्याला तिकडे जायचं कामच नाही. लेकीने गुगलवर फोटो दाखवले. बेगमने एक अट घातली, “जाऊन बघते. मनाला नाही पटलं तर मी गाडीत झोपेन.” आणि ती खरंच झोपली असती.

खेड्याचं नाव नॉर्टन सेंट फिलिप. बाथहून फ्रोम गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सॉमरसेट परगण्यात. पबचं नाव ‘द जॉर्ज इन’. खालचा मजला दगडी, वरचे दोन मजले लाकडी चौकटींचे, आणि ते खालच्या मजल्याच्या थोडे पुढे आलेले, जुन्या वाड्याच्या सज्जासारखे. मधोमध मोठं दार. त्या दारातून घोडागाडी आत जावी अशी कमान. आत गेलं की मागे चौक. मी त्या चौकात उभा राहिलो आणि मला फर्दापूर आठवलं.

अजिंठ्याच्या लेण्यांना जाताना फर्दापूर लागतं. तिथे मोगलांच्या काळातली सराई आहे. शाळेच्या सहली नेताना मी मुलांना ती नेहमी दाखवायचो, कारण लेणी सगळेच दाखवतात. सराईची रचना अशीच असते. एक भक्कम दरवाजा, आत मोठा चौक, भोवती खोल्यांची रांग. रात्री दरवाजा बंद झाला की आतला माणूस, बैल, घोडा, माल सगळं सुरक्षित. सराईत मशीद असते, इथे बार होता. फरक मोठाच आहे, पण दोन्ही इमारती एकाच गरजेतून उभ्या राहिल्या आहेत. अंधार पडला, मुसाफिर थकला, त्याला छप्पर पाहिजे.

जॉर्ज इनचा इतिहास मला आधी माहीत नव्हता, जावयाने वाचून दाखवला आणि मग मीही शोधला. ही इमारत चौदाव्या शतकात उभी राहिली. जवळच्या हिंटन गावात कार्थुसियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ होता, त्यांनी ती बांधली. त्या भागात लोकरीचा मोठा व्यापार. जत्रेला व्यापारी यायचे, त्यांची राहायची सोय खाली आणि लोकरीच्या मालाची कोठी वर. म्हणजे आज जिथे बिअरचे ग्लास भरतात ती जागा मुळात साधूंनी बांधलेली. पुढे आठव्या हेन्री राजाने मठ बंद केले, हिंटनचा मठ १५३९ मध्ये गेला. सराई मात्र राहिली. १६६८ च्या जूनमध्ये रोजनिशी लिहिणारा प्रसिद्ध सॅम्युएल पेपीस बायकोसह बाथला जाताना या गावात जेवला. १६८५ मध्ये गादीवर हक्क सांगणारा ड्यूक ऑफ मन्मथ आपली फौज घेऊन इथे उतरला होता. बंड फसलं आणि त्याचं डोकं उडवलं गेलं.

अशा सराया इंग्लंडात आणखी आहेत. ग्लॉस्टर शहरात आणि ग्लास्टनबरीत पंधराव्या शतकातल्या दोन आहेत, त्याही मठांनी यात्रेकरूंसाठी बांधलेल्या. यात्रा, मठ आणि मुक्काम ही साखळी आपल्याला काही नवी नाही. आमच्या भूम तालुक्यातच कुंथलगिरी आहे, जैनांचं सिद्धक्षेत्र, तिथे धर्मशाळा आहे. तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला येणारे, धाराशिवला ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या दर्ग्यावर उरुसाला येणारे, सगळ्यांना रात्र काढायची असतेच. माझे आजोबा हजला बोटीने गेले होते. बोट सुटेपर्यंत मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात ते कित्येक दिवस राहिले. हजची बोट १९९५ पर्यंत चालली, नंतर सगळा प्रवास विमानाने. आजोबा हजच्या गोष्टी सांगताना मक्का-मदिनेइतकीच त्या मुसाफिरखान्याची गोष्ट सांगत. कोकणातला माणूस, खानदेशातला माणूस, मालेगावचा विणकर, एका खोलीत सगळ्यांच्या चटया. “हज तिथूनच सुरू झाला,” असं ते म्हणत.

आता खोलीकडे येतो. आत एका उंच लाकडी फळीमागे एक बाई उभ्या होत्या, साठीच्या आसपासच्या. जावयाने नाव सांगितलं. त्यांनी वहीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहून माझ्या नावाचे हिज्जे विचारले. मी सवयीने पासपोर्ट काढून पुढे केला. त्या म्हणाल्या, त्याची गरज नाही, फक्त नाव नीट लिहायचं होतं. आणि लाकडी ठोकळ्याला बांधलेली किल्ली माझ्या हातात दिली. मी किल्ली घट्ट धरली. लेकीच्या लक्षात आलं नाही, बेगमच्या आलं. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

त्याचं कारण बारा-तेरा वर्षांपूर्वीचं आहे. अब्बांना तपासायला घेऊन मी एका मोठ्या शहरात गेलो होतो. शहराचं नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकतं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं. रात्रीचे दहा वाजलेले. दवाखान्याच्या समोरच्या गल्लीत लॉज होता. गादीवरच्या माणसाने दर सांगितला, खुंटीवरची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि ओळखपत्र मागितलं. मी दिलं. त्याने ते वाचलं. मग किल्ली उचलून परत खुंटीला अडकवली. “साहेब, ही खोली बुक आहे. माझ्या ध्यानातून गेलं होतं.” आवाज अगदी सभ्य. पुढच्या लॉजमध्ये मी आधीच नाव सांगितलं, तेव्हा त्यांनी किल्ली काढायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. तिसरीकडेही तेच. शेवटी दवाखान्याच्या वॉचमनने अब्बांना ओपीडीच्या बाकड्यावर झोपू दिलं. मी खाली वर्तमानपत्र टाकून बसलो. अब्बा त्या रात्रीविषयी नंतर कधी बोलले नाहीत. मीच बोलत राहिलो, अजून बोलतो आहे.

राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात साफ लिहिलं आहे, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कुणा नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं इथे मज्जाव करता येणार नाही. मी हे कलम वीस वर्षं सातवी-आठवीच्या मुलांना शिकवलं. पण लॉजवाला कधी धर्माचं नाव घेत नाही. तो म्हणतो, खोली शिल्लक नाही. त्या वाक्याला कलम लावता येत नाही.

हे कलम घटनेत आलं त्यामागे काय काय होतं, ते समजून घ्यायचं तर बाबासाहेबांचं आत्मकथन वाचावं. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आल्यावर ते बडोदा संस्थानात नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत जात विचारणार. शेवटी ते एका पारशी सराईत गेले, आणि तिथे राहता यावं म्हणून पारशी नाव घेतलं. दिवसाला दीड रुपया भाडं. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत चालतं हो म्हणाले. एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिस्ती मित्राला विचारलं, दोघांनी टाळलं. कमाठी बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस.

आणि हेही लिहायलाच हवं. त्याच आत्मकथनात दौलताबादची हकिकत आहे. १९३४ साल, रमजानचा महिना, निजामाचं राज्य, म्हणजे आमचाच मुलूख. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी किल्ला पाहायला आले, दाराजवळच्या हौदावर हातपाय-तोंड धुतलं, आणि पाणी बाटवलं म्हणून त्यांच्यावर धावून आलेले लोक मुसलमान होते. रोजा ठेवलेले मुसलमान. लॉजवाल्याची गोष्ट सांगताना ही गोष्ट गाळली तर माझ्या तक्रारीला वजन उरत नाही. दार बंद करणारे हात प्रत्येक जमातीत आहेत, आपल्याही.

इंग्लंडचंही तसंच. ब्रिस्टलला परत गेल्यावर मी जावयाच्या लॅपटॉपवर या विषयाचं बरंच वाचलं. इंग्लंडात जुना दंडक असा, की सराई चालवणाऱ्याने खोली रिकामी असेल आणि पैसे द्यायची तयारी असेल तर आलेल्या प्रवाशाला, योग्य कारण नसताना, नाकारायचं नाही. संसदेने कायदा करायच्या कितीतरी आधी न्यायालयांनी हे ठरवलेलं. पण दंडक असूनही १९४३ मध्ये वेस्ट इंडिजचा मोठा क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टन्टाइन बायको-मुलीसह लंडनच्या एका हॉटेलात उतरला, तेव्हा चार रात्रींचं आरक्षण असून त्याला सांगण्यात आलं की एकच रात्र राहा. कारण काय, तर तिथल्या अमेरिकन पाहुण्यांना काळा माणूस खपणार नाही. तो न्यायालयात गेला आणि १९४४ मध्ये जिंकला. भरपाई मिळाली पाच गिनी. रक्कम किरकोळ, पण दंडक जिवंत आहे हे सिद्ध झालं.

गंमत अशी, की हा दंडक मुक्कामाच्या जागेला होता. ज्या पबमध्ये फक्त पिणं आहे, खोल्या नाहीत, त्याला तो लागू नव्हता. पबवाला कुणालाही ‘तुला देत नाही’ म्हणू शकायचा, आणि काळ्या आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसांना तसं सर्रास म्हटलं जायचं. १९६४ मध्ये ब्रिस्टलमध्येच पॉल स्टीफन्सन नावाच्या काळ्या कार्यकर्त्याने एका पबमधून उठायला नकार दिला. पोलीस आले, अटक झाली, खटला चालला, तो निर्दोष सुटला. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, इंग्लंडात वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला आणि त्यात हॉटेलं, पब आले. २०१० च्या समतेच्या कायद्यात धर्मही आहे. म्हणजे त्या बाईंनी माझ्या हातात किल्ली दिली ती त्यांच्या चांगुलपणाने दिलीच, पण त्या चांगुलपणाच्या पाठीशी भांडून मिळवलेला कायदा होता.

तिकडे सगळं गोड आहे असं कुणी समजू नये. लेकीनेच सांगितलं, आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये दंगे झाले तेव्हा ती काही दिवस बाहेरच पडली नाही. ४ ऑगस्ट २०२४ रोजी रॉदरहॅमजवळ एका हॉटेलवर जमाव चालून गेला, कारण त्यात दुसऱ्या देशांतून आसऱ्याला आलेली माणसं ठेवली होती. आत माणसं असताना जमावाने ते पेटवायचा प्रयत्न केला. सराई पेटवणं याहून वाईट काय असतं?

त्या रात्रीचं जेवण आम्ही मागच्या चौकात बसून घेतलं. उन्हाळ्यात तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. आजूबाजूच्या टेबलांवर म्हातारी जोडपी, लहान मुलं, एक कुत्रं. पुष्कळांपुढे बिअर होती, कुणी आरडाओरडा करत नव्हतं. एक आजी दोन तास एकाच ग्लासापुढे विणकाम करत बसल्या होत्या. जावई म्हणाला, पब म्हणजे ‘पब्लिक हाऊस’, सगळ्यांचं घर. आपल्याकडची चावडी आणि चहाचं हॉटेल एकत्र केलं तर जे होईल ते. बेगम ऐकत होती, पण तिची नजर मेनूवर होती. तिला मासा हवा होता. लेक मागवायला निघाली तशी ती म्हणाली, “पूछ तो सही, इसमें दारू हय क्या?” लेक हसली, “अम्मी, मासा आहे.” तरी तिने विचारलं. वाढणारा मुलगा विशीतला. तो म्हणाला, थांबा, मी आत विचारून येतो. परत येऊन म्हणाला, बरं झालं विचारलंत, माशाच्या पिठात बिअर घालतात, त्याने वरचं आवरण कुरकुरीत होतं. मग त्यानेच सुचवलं, भाजलेला बटाटा आणि त्यावर चीज आणि बीन्स घ्या, किंवा मासा नुसता तव्यावर भाजून देतो, तवा वेगळा घेतो.

बेगमने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ लेकीपेक्षा मला जास्त कळला. ‘मी विचारलं म्हणून कळलं’ हा एक अर्थ. दुसरा असा, की मुलाने खरं सांगितलं. ‘नाही’ म्हणून तो मोकळा झाला असता, आम्हाला काय कळणार होतं? आम्ही मासा घेतला. त्यानंतर गाडीत झोपायची गोष्ट निघाली नाही.

खोली वरच्या मजल्यावर होती. जिना अरुंद, तुळया इतक्या खाली की मी दोनदा डोकं आपटलं. जमीन एका बाजूला उतरती, पेन्सिल ठेवली तर घरंगळत जाईल अशी. टेबलावर पाणी उकळायची किटली, चहाच्या पुड्या, दुधाच्या एवढ्याशा डब्या आणि दोन बिस्किटं. न्हाणीघरात सगळं चकचकीत, फक्त पाणी घ्यायला काही नाही. तिकडे कागदावर काम भागतं. पण बेगमने ईटहून प्लास्टिकचा मग बॅगेत घालून आणला होता, विमानतळावरच्या तपासणीतूनही तो पार झाला होता. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला माझा हाच सल्ला, पासपोर्टनंतर मग.

मगरिब साडेनऊच्या सुमाराला झाली. मोबाईलवर किब्ल्याची दिशा काढली तर ती आली आग्नेयेकडे. साठ वर्षं मी मावळतीकडे तोंड करून नमाज पढलो. गावातल्या मशिदीची मेहराब तिकडे, घरातली चटई तिकडे, कबरींचीही मांडणी त्याच हिशेबाने. मनात किब्ला आणि मावळती एकच होऊन बसली होती. त्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्याकडे तिरपी चटई टाकली तेव्हा जाणवलं, की मक्का होती तिथेच आहे, आपण जागा बदलली आहे. मुसाफिराला चार रकातींच्या दोन करायची सवलत आहे. जकात कुणाला द्यायची त्या आठ जणांच्या कुरआनातल्या यादीत शेवटी मुसाफिर येतो, घरी कितीही श्रीमंत असला तरी. वाटेवरचा माणूस गरजू असतो, हे धर्माने मानलेलं आहे. इशाची वेळ व्हायला मध्यरात्र जवळ आली. खालून गप्पांचा आवाज येत होता, अकराच्या सुमाराला घंटा वाजली आणि तो थांबला. बेगम तसबीह ओढत होती. म्हणाली, “तेवढं वाईट नाही. पण पुन्हा नको.”

आणि तिचं ‘पुन्हा नको’ मला मान्य आहे. आमच्या मशिदीतल्या एका हजरतांनी विचारलं, तेव्हाही मी हेच सांगितलं, की दुसरी जागा मिळत असेल तर मुसलमानाने ती घ्यावी. पबची जाहिरात करायला मी बसलेलो नाही. सकाळी न्याहारीला डुकराचं मांस होतं, ते आमच्या ताटाला लागू नये म्हणून स्वयंपाकिणीने अंडी आणि अळंबी वेगळ्या तव्यात केली. आम्ही पैसे दिले, आभार मानले, निघालो. दारू त्यांच्याकडे राहिली, दीन आमच्याकडे राहिला. एका छपराखाली दोन्ही रात्रभर होते आणि कुणाचं काही सांडलं नाही.

लहानपणी आमच्याकडे मुक्कामी एसटी यायची. शेवटची गाडी गावात थांबायची आणि सकाळी पहिली म्हणून सुटायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत झोपत. त्यांना कुठली ना कुठली भाकरी जायची. आमच्या घरूनही जायची. अम्मी रमजानमध्ये सहरीला उठायची तेव्हा ड्रायव्हरसाठी चहा वेगळा काढायची. तो कोण, कुठला, हे कुणी विचारलं नाही. ‘मुक्कामी आहे’ एवढी ओळख पुरायची. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, ती हीच ओळख पुरेशी मानणाऱ्यांची परंपरा. ती आपल्याकडे होती आणि आहे. लॉजच्या खुंटीवरची किल्ली हीसुद्धा आपल्याकडचीच.

मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा पुण्याहून फोन आला. चांगली नोकरी लागली आहे, भाड्याने खोली शोधतो आहे. फोनवर सगळं ठरतं, नाव सांगितलं की ‘कळवतो’ म्हणतात. घटनेच्या त्या कलमात हॉटेल आहे, भाड्याची खोली नाही. त्याने विचारलं, “सर, नुसतं समीर सांगू का? समीर दोन्हींकडे चालतं. आडनाव नंतर सांगेन.”

मला बडोद्याची सराई आठवली. नाव बदलून मिळालेल्या खोलीत झोप लागत नाही, आणि अकरावा दिवस येतोच. मी म्हटलं, “पूर्ण नाव सांग. पहिल्या वाक्यात सांग. मी येतो सोबत.” दुसऱ्या दिवशीची गाडी पकडून मी गेलो. आम्ही सहा घरं पाहिली. दोन ठिकाणी चहा मिळाला, खोली नाही. सहाव्या घरी एक मावशी होत्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी नाव ऐकलं, दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, “रात्री उशिरा येतोस का? मला लवकर झोप लागते. फाटकाची किल्ली वेगळी लागेल.”

मग त्यांनी आतून दोन किल्ल्या आणल्या. कुठली फाटकाची आणि कुठली खोलीची, हे त्याला दोनदा समजावून सांगितलं.